‘आम्ही काय उन्हाळे पाहिले नाहीत?’

ताई, नमस्कार.

आम्ही इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. घरात मी, माझे पती, ४ वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. गेले दोन आठवडे घर नुसतं भट्टीसारखं तापतंय. सासूबाई सकाळपासून खिडक्या लावून, पडदे ओढून बसतात. हे घरी आले की सगळं उघडतात आणि ‘गुदमरशील अशी’ म्हणून आईवर चिडतात. सासूबाई पाणी फार कमी पितात. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात आणि रात्री उठायला लागू नये म्हणून त्या पाणी टाळतात. परवा दुपारी मी कामावरून फोन केला तेव्हा त्या सावकाश, तुटक बोलत होत्या. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, जरा गरगरलं, पडून राहिले. काही सांगायला जावं तर ‘आम्ही काय उन्हाळे पाहिले नाहीत?’ हे ठरलेलं उत्तर. एसी घेणं सध्या शक्य नाही. खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? पंखा पुरतो का? पाणी किती द्यायचं?

– वरच्या मजल्यावरची सून

प्रिय मैत्रिणी,

खिडक्यांचं सांगतेच, पण त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य. फोनवर सासूबाई सावकाश, तुटक बोलत होत्या. नंतर त्यांनी ते ‘जरा गरगरलं’ यात गुंडाळून टाकलं आणि तुम्हीही पुढे पाण्याच्या प्रश्नाकडे वळलात. मला तसं वळता येत नाही. मी ३० वर्षं परिचारिका होते, आणि वयस्क माणसाचं बोलणं अचानक बदललं की आधी तिकडे बघायचं, ही सवय अजून गेलेली नाही.

अशा वेळी कारणं बरीच असू शकतात. शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तदाब खाली आलेला असू शकतो. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. लघवीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः उतारवयात, ते उतरतं. उष्णतेचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचू लागलेला असू शकतो. आणि उन्हाशी काहीच संबंध नसलेली पक्षाघाताची पहिली चाहूलही असू शकते. यातलं नेमकं काय होतं, हे घरी बसून तुम्हाला कळणार नाही आणि पत्र वाचून मलाही नाही. म्हणून उद्याच त्यांना डॉक्टरांकडे न्या. त्या घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत असू द्या. परवा दुपारी किती वाजता काय झालं ते सांगा. रक्तदाब झोपून आणि उभं राहून, असा दोन्ही प्रकारे तपासायला सांगा; सोडियम आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करायची का, तेही विचारा. उन्हाळ्यापुरता गोळीचा डोस कमी करायचा का, ती कोणत्या वेळी घ्यायची आणि दिवसाला पाणी किती चालेल, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि सासूबाईंनाही करू देऊ नका. मधल्या काळात बोलणं पुन्हा अडखळलं, तोंड एका बाजूला झुकलं किंवा एका हातातली ताकद गेली, तर भेटीची वेळ ठरवत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

आता ‘आम्ही काय उन्हाळे पाहिले नाहीत?’ याबद्दल. पाहिलेत, तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त. त्यांच्याशी यावर वाद घालू नका, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे. फक्त ते उन्हाळे ज्या शरीराने काढले ते शरीर आता तसं राहिलेलं नाही. वय वाढलं की घाम उशिरा सुटतो आणि कमी सुटतो. त्वचेकडे जास्त रक्त पाठवून आतली उष्णता बाहेर टाकायची, तर हृदयाला जास्त काम पडतं, आणि ते काम आता पूर्वीसारखं झेपत नाही. सगळ्यात फसवी असते ती तहान. उतारवयात ती बोथट होते. शरीर कोरडं पडलेलं असतं आणि माणूस मनापासून सांगतो, मला तहानच नाही. सासूबाई हट्टीपणा करताहेत असं तुम्हाला वाटत असेल, पण त्यांना खरंच तहान लागत नसेल.

आणि घरात सावलीत आहोत म्हणजे सुरक्षित आहोत, हा समज मोडायला हवा. २०२१ च्या जूनअखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची मोठी लाट आली. तिथल्या सरकारी चौकशीत उष्णतेमुळे गेलेले ६१९ लोक मोजले गेले. त्यातले ९८ टक्के लोक घराच्या, इमारतीच्या आत असताना गेले. रस्त्यावर नाही, शेतात नाही. दोनतृतीयांश माणसं सत्तरीची किंवा त्यापुढची होती आणि निम्म्याहून अधिक एकटी राहणारी होती. सासूबाई एकट्या राहत नाहीत हे खरं, पण तुम्ही दोघं कामावर गेलात की दुपारभर घरात मोठं माणूस म्हणून त्या एकट्याच असतात.

खिडक्यांच्या भांडणात दोघंही बरोबर आहेत, फक्त घड्याळ चुकतंय. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तेव्हा खिडक्या बंद. आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघड्या. नियम एवढाच. पण हे अंदाजाने ठरवायला गेलं की माणूस चुकतो. बंद घरात कोंदट वाटतं, म्हणून खिडकी उघडली की वारा अंगाला लागतो आणि बरं वाटतं. तो वारा घर तापवतोय हे तासाभराने कळतं. म्हणून दोन साधे तापमापक आणा. एक सासूबाईंच्या पलंगाशेजारी, दुसरा बाहेर, जिथे ऊन थेट पडत नाही अशा जागी. दोन्हींवरचे आकडे बघून खिडकी उघडायची. तुमचे यजमान घरी येतात त्या वेळी बाहेरचा आकडा मोठा असेल तर आई बरोबर, लहान असेल तर मुलगा बरोबर.

वरच्या मजल्याचं दुखणं आणखी वेगळं आहे. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खाली घरात सोडत राहतो. त्यामुळे बाहेर गार होऊ लागलं तरी तुमचं घर तापतच असतं. रात्री नऊ-दहाला भिंतीवर तळहात ठेवून बघा, ऊब लागेल. त्या भिंती आणि तो स्लॅब रात्री थंड झाला नाही, तर दुसरा दिवस कालच्या उष्णतेवरच सुरू होतो. तुमच्या घरासाठी रात्र हीच खरी संधी आहे. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, मधली दारंही उघडी ठेवा. एखादा टेबलफॅन खिडकीशी तोंड बाहेर करून लावला तर तो आतली गरम हवा ढकलून देतो आणि दुसऱ्या बाजूने गार हवा आत येते. पहाटे हवा सगळ्यात गार असते. ती भरून घ्या आणि ऊन चढायच्या आत खिडक्या लावून टाका. डासांसाठी जाळ्या असू द्या. आणि एक गोष्ट मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका: वरचा मजला, उघड्या खिडक्या आणि घरात ४ वर्षांची मुलगी. खिडकीजवळ पलंग, खुर्ची, स्टूल काही ठेवू नका. गज किंवा मजबूत जाळी नसलेली खिडकी ती जागी असताना एवढीशीच उघडा, की तिला त्यातून डोकंही बाहेर काढता येणार नाही.

पडद्यांबद्दल सासूबाईंची समज चांगली आहे, पण पडदा चुकीच्या बाजूला आहे. ऊन काचेतून एकदा आत आलं की पडद्यावर पडून त्याची उष्णता होते आणि ती घरातच राहते. तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर आत येतच नाही. खिडकीच्या बाहेरून फिकट रंगाचं जाड कापड, चटई, शेडनेट, जे सुरक्षित बांधता येईल ते बांधा. सगळ्या खिडक्यांना जमत नसेल तर पश्चिमेकडच्या खिडकीला तरी बांधाच. दुपारचं उतरतं ऊन तिरकं येऊन खोलीत खोलवर पोहोचतं. गच्चीवर काही करायची परवानगी मिळत असेल तर स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग लावून घ्या. एसी परवडत नाही अशा घराला वरच्या मजल्यावर याइतका उपयोगी खर्च मला दुसरा दिसत नाही. घरातली उष्णताही कमी करा: स्वयंपाक सकाळी लवकर उरकून घ्या, इस्त्री रात्री. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट तापते.

पंख्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे बरेच जण फसतात. पंखा खोली गार करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि वाळताना घाम शरीराची उष्णता घेऊन जातो. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्याला अर्थ नाही. आणि म्हणूनच ज्याला घाम कमी येतो, त्याला पंख्याचा उपयोगही कमी होतो. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की पंखा घाम वाळवत असतो खरा, पण त्याच वेळी गरम हवाही अंगावर आणून ओतत असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तापमान ४० अंशांच्या खाली असेल तेव्हाच पंखा वापरा, त्यापुढे तो शरीर तापवतो. सासूबाईंच्या वयात घाम कमी, त्यामुळे त्यांच्यासाठी मी ४० ची वाट बघणार नाही.

मग काय करायचं? घाम कमी येतो ना, तर वरून पाणी द्यायचं. एका फवारणीच्या बाटलीत साधं पाणी भरून त्यांच्या हाताशी ठेवा. चेहरा, मान, कोपरापासून खालचे हात, पोटऱ्या ओल्या करायच्या आणि मग पंख्यासमोर बसायचं. वाळलं की पुन्हा ओलं करायचं. हे त्यांना स्वतःला, खुर्चीतून न उठता करता येतं आणि लघवीला वारंवार जावंही लागत नाही, त्यामुळे त्या मान्य करतील असं मला वाटतं. दुसरा उपाय, हात किंवा पाय गार पाण्यात बुडवून १५-२० मिनिटं बसणं. तळहात आणि तळपायांतून रक्त भरपूर खेळतं, ते गार होऊन शरीरात परत जातं. आगीशी झुंजून बाहेर आलेल्या अग्निशमन जवानांनाही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायला लावतात, ते याचसाठी. पाय बुडवले तर उठण्याआधी ते कोरडे पुसायचे आणि फरशीही पुसायची. गुडघे दुखणाऱ्या बाईने ओल्या फरशीवर पाऊल टाकायचं नाही.

छताचा पंखा तुमच्या घरात दुपारी फारसा कामाचा नाही. तापलेल्या स्लॅबखालची सगळ्यात गरम हवा तो खाली ढकलतो. दुपारी टेबलफॅन पलंगाच्या उंचीवर लावा. हवा आधीच दमट असेल तर बंद खोलीत ओल्या चादरी टांगू नका. दमट हवेत घाम वाळत नाही आणि त्रास वाढतो. कूलर वापरणार असाल तर त्याच कारणासाठी एक खिडकी उघडी हवी, आणि तो फक्त कोरड्या हवेत चांगला चालतो.

सगळं घर गार करण्याच्या मागे लागू नका. ऊन सगळ्यात कमी लागतं अशी एक खोली निवडा आणि दुपारी सासूबाई व छोटी तिथेच राहतील असं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने वृद्ध आणि तान्ह्या बाळांसाठी खोलीचं तापमान दिवसा ३२ अंशांच्या आत आणि रात्री २४ च्या आत ठेवायला सांगितलंय. एसीशिवाय वरच्या मजल्यावर रात्रीचा तो आकडा गाठणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. पण दुपारी पलंगाशेजारचा आकडा ३२ च्या वर दिसला तर दुसरी सोय करायची, एवढं ठरवून टाका. खालच्या मजल्यावरच्या कुणा ओळखीच्यांकडे, एखाद्या गार वाचनालयात, कुठेही रोज दोन-तीन तास थंड जागी काढले तरी शरीराला सावरायला उसंत मिळते. खालच्या मजल्यावर विचारायला संकोच वाटत असेल तर सासूबाईंऐवजी तुम्ही जाऊन विचारा. पुढे कधी एसी घेतलात तर तो २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. अंगाला त्याहून ४ अंश गार वाटतं आणि वीजही वाचते.

पाण्याचा आकडा मी देणार नाही. लघवीची गोळी चालू असलेल्या, कदाचित हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं काही असलेल्या माणसाला ‘तीन लिटर प्या’ असं कुणी परस्पर सांगितलं तर ते ऐकू नका. सोडियम उतरलेलं असताना नुसतं पाणी ढोसलं तर ते आणखी उतरतं. आकडा डॉक्टर देतील. तो मिळाला की कसं द्यायचं ते मात्र मी सांगते. त्यांची खरी अडचण रात्रीच्या उठण्याची आहे, तेव्हा उत्तरही तिथेच शोधायचं. दिवसाच्या पाण्याचा मोठा वाटा सकाळपासून पाचपर्यंत संपवायचा, संध्याकाळनंतर घोट-दोन घोट. गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचंच आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा, वाटेत धरायला आधार, जमलं तर पलंगाजवळ कमोडची खुर्ची. रात्री पडण्याची भीती गेली की पाणी पिण्याची भीतीही कमी होईल. सकाळी मापाची बाटली भरून ठेवा. ‘पाणी प्यायलात का?’ असं दहादा विचारण्यापेक्षा बाटलीतली पातळी बघणं दोघींनाही सोपं जातं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय हे खरं, पण गोळी घेतल्यानंतरचे काही तास ती फिकटच असते, त्या रंगावर विसंबू नका.

मीठ-साखरेच्या पाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट, आणि ते हाताशी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. मीठ जास्त झालं तर नुकसान होतं, म्हणून माप काटेकोर ठेवा. छोटीसाठी हे लक्षात असू द्या. सासूबाईंना रक्तदाब आहे, त्यांना रोजचं सरबत समजून ते देऊ नका. आणि छोटीला खेळताना तहान आठवत नाही, तिला विचारण्यापेक्षा पेला हातात द्या.

दुपारच्या फोनवर ‘बऱ्या आहात ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. असं काही विचारा, ज्याला दोन-चार वाक्यांत उत्तर द्यावं लागेल: सकाळपासून कोण येऊन गेलं, छोटीने काय खाल्लं, तापमापक काय म्हणतोय. उत्तर काय आलं याहून ते कसं आलं याकडे कान द्या. एक फोन एकच्या सुमारास, एक चारला. एक किल्ली शेजारी ठेवा आणि कोणत्या कारणासाठी दार उघडायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले तर गार खोलीत आडवं करून पाय वर घ्यायचे, अंग ओलं करायचं, पंखा लावायचा, घोट-घोट पाणी द्यायचं. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर. पण भान हरपत असेल, असंबद्ध बोलणं, फिट येणं, शुद्ध जाणं, अंग चटका बसण्याइतकं तापलेलं असेल, तर तो उष्माघात. तेव्हा घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. घाम येत असतानाही तो होतो. शरीराचं तापमान ४० अंशांपुढे गेलेलं असतं आणि मिनिटं मोलाची असतात. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत नुसती वाट बघू नका: कपडे सैल करा, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओता, पंख्याने वारा घाला, मान, काखा आणि जांघांत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉलही देऊ नका. हा संसर्गाचा ताप नाही, त्या गोळीने तो उतरत नाही. हा परिच्छेद शेजारच्यांनाही वाचून दाखवा, कारण त्या वेळी घरी बहुधा तुम्ही नसाल.

आता हे सगळं सासूबाईंच्या गळी उतरवायचं कसं? सांगून नाहीच. दोन्ही तापमापक आणि एक वही त्यांच्याकडे द्या. सकाळी सहा, दुपारी एक, चार आणि रात्री नऊ, असे दोन्ही आकडे त्यांनी लिहायचे. खिडक्या कधी उघडायच्या आणि कधी लावायच्या, हे त्या वहीवरून त्यांनीच ठरवायचं आणि मुलाने निमूट ऐकायचं. इतके उन्हाळे पाहिलेल्या बाईला घरातला उन्हाळा सांभाळायचा अधिकार द्यायला काय हरकत आहे? उद्या डॉक्टरांकडून परतताना तापमापक घेऊनच या, आणि रात्री नऊचे पहिले दोन आकडे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

तुमची,
ताई